गाडी का अडखळली?

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांना कॉम्प्युटरवर खेळायला आवडतं? हात वर करा बरं! आई-बाबा शेजारी बसून हे पान वाचत असतील म्हणून काहीजण हात वर करायला लाजताहेत. लाजू नका. लहानपणी मीसुद्धा खेळायची. आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा मी पाचवीत होते. चपला बाहेर काढून, हात धुऊन आत जायचं आणि पाळी आली की दहा मिनिटं 'प्रिन्स ऑफ पर्शिया' किंवा 'डेंजरस डेव्ह' खेळायचं! त्या दहा मिनिटांसाठी आम्ही आठवडाभर शहाण्यासारखं वागत असू.

आता मी प्राथमिक शाळेत शिकवते. आज तुम्हांला सांगणार आहे ती गोष्ट खेळाची आहे, कॉम्प्युटरची आहे, आणि थोडी माझ्या चुकीचीही आहे. शेवटपर्यंत वाचा हं!

आमची शाळा सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात आहे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला सहा जुने कॉम्प्युटर भेट दिले. त्यांतला एक आल्यापासून बंदच होता. उरलेले पाच अगदी एकसारखे, जणू पाच जुळी भावंडं! आम्ही त्यांना एक ते पाच असे नंबर दिले. शनिवारी सकाळची शाळा असते. त्या दिवशी ज्याचे पाढे पाठ, त्याला शेवटच्या तासाला गाडी पळवायचा खेळ खेळायला मिळायचा. कोण कुठल्या कॉम्प्युटरवर बसलं, किती वाजता बसलं, हे मी एका वहीत लिहून ठेवत असे.

माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं खरं नाव सांगत नाही, आपण त्याला बंडू म्हणू. बंडूच्या वडिलांचं फाट्यावर पंक्चर काढायचं दुकान आहे. त्यामुळे कुठलीही वस्तू आतून कशी दिसते, हे पाहिल्याशिवाय बंडूला चैन पडत नसे. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी त्याने काय करावं? वडिलांचा स्क्रू ड्रायव्हर दप्तरातून आणला आणि तीन नंबरच्या कॉम्प्युटरचं झाकण उघडून आतला पंखा पाहिला! मी रागावले. त्याने निमूटपणे झाकण लावून टाकलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी एक काम काढलं. आमच्या कॉम्प्युटरवरची ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली होती. तिच्यासाठी सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या यायच्या बंद झाल्या होत्या. म्हणून आधी एकाच कॉम्प्युटरवर, म्हणजे तीन नंबरवर, मी नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. आणि मुलांना मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं, "दिवाळीनंतर बघा, तीन नंबरवर गाडी कशी वाऱ्यासारखी पळते ती!"

दिवाळी झाली. पहिला शनिवार आला. तीन नंबरवर बसायला ही झुंबड! खेळ सुरू झाला आणि गाडी पळण्याऐवजी चक्क अडखळू लागली. वळण आलं की चित्र थबकायचं, आणि पुन्हा हलेपर्यंत गाडी झाडावर आदळलेली असायची. मुलं हसली. मला फार ओशाळल्यासारखं झालं. आणि ओशाळलेलं माणूस काय करतं? दुसऱ्या कुणाचा तरी दोष शोधतं.

"बंडू, तूच उघडला होतास ना हा कॉम्प्युटर? काय केलंस आत?"

"बाई, मी नुसता पंखा बघितला. हात पण नाही लावला."

मी ऐकलं नाही. एक महिना त्याला कॉम्प्युटरच्या खोलीत यायची बंदी केली आणि त्याच्या वडिलांना शाळेत बोलावून घेतलं. ते काळे झालेले हात पुसत पुसत आले. सगळं ऐकून घेतलं आणि अदबीने एकच प्रश्न विचारला, "बाई, ह्यानं झाकण उघडलं त्यानंतर ते यंत्र चाललं होतं का हो?"

खरं सांगते मुलांनो, मला त्या प्रश्नाचा राग आला. मी म्हटलं, "ते मला माहीत नाही, पण शाळेच्या वस्तूला हात लावायचा नसतो." त्यांनी मान डोलावली आणि ते निघून गेले. त्या संध्याकाळी बंडूला घरी चांगलाच ओरडा बसला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आता गोष्ट जरा थांबवू. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ, म्हणजे पुढची गंमत कळेल.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटरचे मुख्याध्यापक. कुठल्या वर्गाने कुठल्या खोलीत बसायचं, मैदान कुणाला द्यायचं, घंटा केव्हा वाजवायची, हे सगळं मुख्याध्यापक ठरवतात. खेळाला चित्र काढायचं असेल, आवाज करायचा असेल, तर त्यानेही या मुख्याध्यापकांचीच परवानगी घ्यायची. कॉम्प्युटरमधली रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा, आणि हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. ओट्यावर जागा असेल तर काम भराभर होतं. ओटा भरला की प्रत्येक डबा फडताळातून काढा, पुन्हा ठेवा, पुन्हा काढा! स्वयंपाकाला उशीर होणारच. आणि ड्रायव्हर? तो गाडी चालवणारा नव्हे बरं का! ऑपरेटिंग सिस्टीमची भाषा चित्र काढणाऱ्या भागाला समजावून सांगणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर.

आणि खेळ 'अडखळतो' म्हणजे काय? वहीच्या कोपऱ्यात प्रत्येक पानावर थोडं थोडं वेगळं चित्र काढून पानं भराभर सोडली, की चित्र हलतंय असं वाटतं. तुम्ही हे करून पाहिलं असेलच. कॉम्प्युटरचा खेळही तसाच. एका सेकंदात तीस चित्रं दिसली तर गाडी बरी पळते, साठ दिसली तर अगदी लोण्यासारखी. दहा-बारावर आली की अडखळायला लागते.

आता परत आपल्या गोष्टीकडे. तीन आठवड्यांनी तालुक्याहून कॉम्प्युटर दुरुस्त करणारे दादा आमच्या प्रिंटरसाठी आले. मी त्यांना तीन नंबर दाखवला आणि बंडूची तक्रारही सांगितली. त्यांनी आधी झाकण उघडलं. आत सगळं जागच्या जागी होतं. मग त्यांनी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. पडद्यावर एक तक्ता आला. रॅम जवळजवळ पूर्ण भरलेली. हार्ड डिस्क सतत कामात. दादा म्हणाले, "बाई, यात रॅम दोनच गीगाबाइट आहे. जुन्या सिस्टीमला ती पुरत होती. नव्या सिस्टीमचा स्वतःचाच पसारा मोठा, ओटा तिनंच अडवलाय. शिवाय चित्राचा योग्य ड्रायव्हर बसलेलाच नाही, तात्पुरत्या ड्रायव्हरवर चाललंय सगळं."

मी घाईघाईने माझी वही काढली. दिवाळीआधीचा तो शनिवार. तीन नंबर: आधी बंडू. त्याच्यानंतर माझ्याच अक्षरात दोन मुलींची नावं. दोघीही पूर्ण दहा मिनिटं खेळल्या होत्या, आणि एकीच्या नावापुढे मीच लिहिलं होतं, 'शर्यत पहिली'.

म्हणजे बंडूने झाकण उघडल्यानंतरही कॉम्प्युटर उत्तम चालत होता. त्याच्या वडिलांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच वहीत, माझ्याच टेबलावर, तीन आठवडे पडून होतं! चूक ऑपरेटिंग सिस्टीमचीही नव्हती. तिला किती रॅम लागते, आमच्या कॉम्प्युटरसाठी ड्रायव्हर मिळतो का, हे न बघता ती टाकली मी.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर मी सांगितलं, "तीन नंबर माझ्यामुळे बिघडला. बंडूने काही केलेलं नव्हतं. मी त्याच्यावर खोटा आळ घेतला. बंडू, माझं चुकलं."

वर्ग एकदम गप्प झाला. बंडू बाकाकडे बघत म्हणाला, "बाई, हे आमच्या बाबांना पण सांगाल का?"

शाळा सुटल्यावर मी फाट्यावर गेले. ते ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. मी म्हटलं, "तुम्ही त्या दिवशी विचारलंत ना, त्याचं उत्तर द्यायला आलेय. चाललं होतं यंत्र. बंडूचा दोष नव्हता, माझा होता." ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "असू द्या बाई, तुम्ही आलात हेच पुष्कळ झालं." मग बंडूकडे वळून म्हणाले, "पण न विचारता उघडायचं नाही. काय?" बंडूने मान हलवली. ते मात्र खरंच होतं!

पुढच्या शनिवारी बंडूलाच मी शास्त्रज्ञ केलं. आमच्याकडे चार कॉम्प्युटर जुन्या सिस्टीमचे आणि एक नव्या सिस्टीमचा होता. तुलना करायला याहून चांगलं काय हवं? त्या खेळात सेकंदाला किती चित्रं दिसतात, तो आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दाखवायची सोय होती. बंडूने तोच खेळ, तोच रस्ता, तीच गाडी घेऊन दोन्हींवर तीन-तीन वेळा मोजणी केली. चार नंबरवर आकडे आले ३१, ३०, ३१. तीन नंबरवर ११, १२, ११.

मग दादांनी सांगितल्याप्रमाणे एका वेळी एकच बदल केला. आधी योग्य ड्रायव्हर टाकला. आकडे झाले २४, २५, २४. मग बंद पडलेल्या सहाव्या कॉम्प्युटरमधली रॅमची पट्टी काढून तीन नंबरमध्ये बसवली. (या वेळी झाकण बंडूने उघडलं, माझ्या परवानगीने!) आता आकडे आले ३०, ३१, ३०.

नीट बघा हं. एवढी खटपट करूनही गाडी जुन्या सिस्टीमइतकीच पळाली. वाऱ्यासारखी काही पळाली नाही! नवी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे जास्त वेग, हा माझा नुसता समज होता.

मग मी याबद्दल जरा वाचलं. तेव्हा कळलं, की माझ्यासारखी फजिती मोठमोठ्यांचीही झाली आहे.

ऑगस्ट १९९५ मध्ये 'विंडोज ९५' आलं. त्याआधी पीसीवरचे बहुतेक खेळ 'डॉस'वर चालत, आणि खेळ कॉम्प्युटरच्या भागांशी थेट बोलत. विंडोज मध्ये आल्यावर खेळ मंद होतील, अशी खेळ लिहिणाऱ्यांना काळजी वाटे. म्हणून मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी 'डायरेक्टएक्स' आणलं. चित्र आणि आवाज यांच्यापर्यंत खेळाला जवळच्या वाटेने जाता यावं, यासाठी ती सोय होती.

जानेवारी २००७ मध्ये 'विंडोज व्हिस्टा' सर्वांसाठी बाजारात आलं. 'डायरेक्टएक्स १०' फक्त त्याच्यावरच मिळत होतं. पण त्यातली ड्रायव्हरची पद्धत नवी होती आणि ड्रायव्हर अजून कच्चे होते. त्यामुळे सुरुवातीला कितीतरी खेळ २००१ सालच्या 'विंडोज एक्सपी'वरच जास्त वेगाने चालत. पुढे ड्रायव्हर सुधारत गेले.

जुलै २०१५ मध्ये 'विंडोज १०' आलं. त्यासोबत आलेल्या 'डायरेक्टएक्स १२'मुळे प्रोसेसरवरचा भार हलका करता येऊ लागला, पण ज्या खेळांनी त्याचा उपयोग केला त्यांनाच फायदा झाला. उलट सीडीवरच्या काही जुन्या खेळांचं कुलूप उघडणारी यंत्रणा सुरक्षेसाठी बंद केल्यामुळे ते खेळ सुरूच होईनात.

५ ऑक्टोबर २०२१ ला 'विंडोज ११' आलं आणि लगेच एएमडी कंपनीने जाहीर केलं, की त्यांच्या काही रायझन प्रोसेसरवर काही कामं ३ ते ५ टक्के मंद होताहेत, आणि काही खेळ तर १० ते १५ टक्के मंद होऊ शकतात. त्याच महिन्यात दुरुस्ती आली आणि प्रश्न सुटला. घाई न करता एक महिना थांबलेल्यांना त्याची झळही लागली नाही!

आणखी एक. विंडोज ११ मध्ये 'मेमरी इंटेग्रिटी' नावाचं एक संरक्षण असतं. ते चालू असताना काही खेळांचा वेग थोडा कमी होऊ शकतो, हे मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं आहे. खेळताना ते बंद करता येतं. पण मुलांनो, ते दाराचं कुलूप आहे. दोन चित्रं जास्त दिसावीत म्हणून घराचं कुलूप काढून कुणी खेळायला जातं का? घरातल्या मोठ्यांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नका.

मग जुनीच सिस्टीम ठेवावी का? तसंही नाही. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आधार संपलेल्या सिस्टीमवर खेळ पहिल्यासारखेच चालतात, पण नवीन सापडलेली भोकं बुजवायला कुणी येत नाही. इंटरनेटला जोडलेल्या कॉम्प्युटरला त्याचा धोका असतो. म्हणूनच आम्हीही पुढे नीट माहिती काढून, रॅम वाढवून, उरलेल्या चारही कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम टाकली. वेगासाठी नव्हे, सुरक्षेसाठी.

आणि नेहमी जास्त वेग म्हणजे चांगलंच, असंही नाही बरं का! १९९० च्या आसपासच्या कित्येक कॉम्प्युटरवर 'टर्बो' नावाचं बटण असे. काही जुन्या खेळांचा वेग प्रोसेसरच्या वेगावर अवलंबून असायचा. नव्या कॉम्प्युटरवर ते इतके सुसाट पळत, की खेळताच येत नसे. मग ते बटण दाबून कॉम्प्युटरला मुद्दाम सावकाश चालवायचं! माझ्या लहानपणीचे डॉसचे खेळही आजच्या ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत. जुन्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल करणारा 'डॉसबॉक्स' नावाचा प्रोग्रॅम वापरावा लागतो.

तुमच्या घरी नवी सिस्टीम टाकायचं ठरलं, तर या पाच गोष्टी आई-बाबांच्या किंवा ताई-दादाच्या मदतीने करा:

१. कॉम्प्युटरला झेपेल का ते आधी बघा. विंडोज ११ ला कमीत कमी ४ गीगाबाइट रॅम, ६४ गीगाबाइट जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. पण 'कमीत कमी' म्हणजे सुरू होण्यापुरतं, खेळण्यापुरतं नव्हे.

२. फोटो, गृहपाठ आणि खेळाची साठवलेली प्रगती यांची दुसरीकडे प्रत करून ठेवा.

३. चित्राच्या भागाचा ड्रायव्हर नव्या सिस्टीमसाठी मिळतो का, हे त्या भागाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा.

४. बदलाआधी आणि बदलानंतर तोच खेळ घेऊन आकडे वहीत लिहा. निदान तीन वेळा मोजा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

५. नवी सिस्टीम टाकल्यावर लगेच निकाल देऊ नका. पहिले एक-दोन दिवस ती मागे आपली आवराआवर करत असते, दुरुस्त्या उतरवून घेत असते.

आई-बाबांनाही एक सांगावंसं वाटतं. कॉम्प्युटर मंद झाला की "तुझ्या खेळांनीच बिघडला!" असं आपण पटकन म्हणून जातो. तसं असेलही कधी. पण म्हणण्याआधी एकदा बघून घ्यावं. यंत्र बिघडलं तर ड्रायव्हर बदलून, रॅम घालून पुन्हा सुरू होतं. पण 'मी नाही केलं' असं खरं सांगणाऱ्या मुलाचं कुणी ऐकलं नाही, तर पुढच्या वेळी ते सांगायलाच येत नाही. बंडू पुन्हा माझ्याशी पहिल्यासारखा बोलू लागायला जानेवारी उजाडला.

आता तो मोठ्या शाळेत गेला आहे. ती मोजणीची वही अजून आमच्या कपाटात आहे. पहिल्या पानावर त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात आकडे आहेत आणि खाली एक वाक्य: 'आधी बघायचं, मग बोलायचं.' मी त्याला ते लिहायला सांगितलं नव्हतं. दर वर्षी नव्या चौथीला ते पान मी दाखवते, आणि ते कुणासाठी लिहिलंय, तेही सांगते.